नजर बाईची, फोटो कोणाचा?

लंडनच्या ट्यूबमध्ये कसं बसावं हे कोणी शिकवत नाही, पण आठवडाभरात आपोआप कळतं. समोरच्याकडे बघायचं नाही. बाकं समोरासमोर, गुडघ्यांमध्ये जेमतेम दीड हाताचं अंतर, आणि तरीही प्रत्येकाची नजर समोरच्याच्या डोक्यावर लावलेल्या नकाशावर, नाहीतर स्वतःच्या बुटांवर. आपल्याकडे लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई दादर यायच्या आत तुमचं माहेर, नवऱ्याची नोकरी आणि मटार काय भावाने घेतले हे विचारून मोकळी होते. इथे वर्षानुवर्षं एकाच गाडीने जाणारी माणसं एकमेकांना ओळख देत नाहीत. नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे भयंकर माणूसघाणं वाटतं. पण एवढ्या दाटीत दुसऱ्याला एकटं राहू द्यायची ती एक रीत आहे, आणि तशी वाईट नाही.

तर याच गाड्यांमध्ये २०११ साली दोन उद्योग सुरू झाले.

पहिला म्हणजे ट्यूबक्रश नावाचं संकेतस्थळ. गाडीत देखणा पुरुष दिसला की मोबाईलवर हळूच त्याचा फोटो काढायचा आणि तिकडे पाठवून द्यायचा. मग तिथे त्याच्या दंडांवर, जबड्यावर, सुटाच्या शिलाईवर चावट शेरे. दुसरा उद्योग फेसबुकवरचा एक गट, 'विमेन हू ईट ऑन ट्यूब्स', म्हणजे ट्यूबमध्ये खाणाऱ्या बायका. कामावरून सुटून दमलेली बाई सँडविचचा घास घेताना दिसली की टिपायची, आणि खाली लिहायचं की कुठली लाईन, किती वाजले होते, काय खात होती. हा गट काढणारा पुरुष होता आणि त्याच्या मते ही निरीक्षणाची कला होती. (लोकांचे फोटो चोरून काढणाऱ्याला कला आठवली नाही असं क्वचितच होतं.) एका पत्रकार बाईला आपलाच फोटो तिथे सापडला, तिने त्यावर लिहिलं, आणि एप्रिल २०१४ मध्ये बराच गदारोळ झाला. काही बायकांनी खाण्याचे डबे घेऊन सर्कल लाईनवर चक्क पंगत मांडली. मला तो निषेध फार आवडला होता. ना घोषणा, ना मेणबत्त्या. गाडीत बसून खा, बस.

आता गंमत बघा. गाडी तीच, मोबाईल तोच, ज्याचा फोटो काढला त्याला पत्ता नाही हेही तेच. पण खाणाऱ्या बायकांच्या गटावर लोक जसे तुटून पडले तसे ट्यूबक्रशवर पडले नाहीत. त्याच्या बातम्या आल्या त्या बहुतेक गालातल्या गालात हसत. तिथे कौतुक होतं, टिंगल नव्हती, हा एक युक्तिवाद. दुसरा जास्त भारदस्त: शतकानुशतकं पुरुषांनी बायकांकडे बघितलं, आता बायका पुरुषांकडे बघताहेत, हा 'फीमेल गेझ' आहे. हे दोन शब्द उच्चारले की समोरचा गप्प बसतो, कारण शब्द विद्यापीठातून आलेले आहेत.

पुढे जाण्याआधी सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. पुरुषांकडे बघायला मला आवडतं. चांगला दिसणारा माणूस चढला की नकाशावरची नजर दोन सेकंद खाली येते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. बाईने बघू नये, बघितलं तरी बघितलंसं दाखवू नये, या शिकवणीत आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. माझी तक्रार बघण्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती एका चांगल्या कल्पनेचा परवाना म्हणून वापर करण्याबद्दल.

ती कल्पना मुळात इथलीच. १९७२ साली बीबीसीवर जॉन बर्जर यांची 'वेज ऑफ सीइंग' ही चार भागांची मालिका लागली. दुसऱ्या भागाचा विषय युरोपियन चित्रांतल्या विवस्त्र स्त्रिया. ही चित्रं कोणी कोणासाठी काढली, त्या बाईची मान नेमकी कोणाकडे वळलेली आहे, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. भागाच्या उत्तरार्धात काही बायकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकत बसले, हे मला विशेष वाटतं. पुढे लॉरा मल्व्ही यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, तो १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात छापून आला. 'मेल गेझ' हा शब्द रूढ झाला तो त्या निबंधामुळे. निबंध वाचायला अवघड आहे, फ्रॉइड आणि लाकाँ पानोपानी. पण गाभा एका इंजिनिअरला समजण्यासारखा आहे. सिनेमात तीन नजरा असतात: कॅमेऱ्याची, पडद्यावरच्या पात्रांची आणि प्रेक्षकाची. जुन्या हॉलिवूडमध्ये या तिन्ही अशा जुळवलेल्या असत की बघणारा तो आणि बघितली जाणारी ती. म्हणजे मल्व्हीबाई कुठल्या एका पुरुषाच्या डोळ्यांबद्दल बोलतच नव्हत्या. त्या एका रचनेबद्दल बोलत होत्या. उजेड कोणावर पडतो, चौकट कुठे कापली जाते, कोणाला हलता येतं आणि कोणाला नुसतं दिसत राहावं लागतं, आणि बघणारा स्वतः कसा कधीच दिसत नाही.

महाजालावर आली तेव्हा या कल्पनेतली रचना गळून पडली आणि राहिलं फक्त लिंग. पुरुषाने बघितलं की मेल गेझ, बाईने बघितलं की फीमेल गेझ. एक वाईट, दुसरा चांगला. खेळ खलास. एखाद्या सर्किटमध्ये नुसत्या वायरीचा रंग बदलावा आणि म्हणावं की आता यातून वेगळा करंट वाहील, तसला हा प्रकार.

आपल्याला हे समजायला मल्व्ही लागूच नयेत. आपल्याकडे बघण्याचा कार्यक्रम होता की! कांदेपोहे. मुलगा बिचारा त्या खोलीत खाली मान घालून बशीतले शेंगदाणे वेचत असायचा. मुलीकडे खरं बघायच्या त्या बायका. मुलाची आई, आत्या, लग्न झालेली बहीण. आत ये, पाणी दे, म्हणजे चाल कळेल. सुईत दोरा ओवून दाखव, म्हणजे डोळे कळतील. केस मोकळे सोड गं जरा. गाता येतं का, म्हणजे मुकी-तोतरी नाही ना ते कळेल. बघणारे सगळे डोळे बायकांचे, आणि त्यांतल्या प्रत्येकीला पंधरा-वीस वर्षांपूर्वी तसंच बसवलं होतं. या नजरेला फीमेल गेझ म्हणायचं का? डोळे बाईचे होते म्हणून त्या मुलीची मान वर झाली नाही. ती खोली, तो पाट, नापसंतीचं कार्ड पाठवायचा हक्क एकाच बाजूला असणं, हे सगळं मिळून ती नजर झालेली होती. आत्याबाईंनी फक्त तिथली खुर्ची घेतली. मल्व्हींनी स्वतः १९८१ मध्ये पहिल्या निबंधाला पुरवणी जोडली, त्यात त्यांनी विचारलं होतं की सिनेमा बघणारी बाई कुठे बसून बघते. त्यांचं उत्तर असं की पुष्कळदा ती पुरुषाच्या जागेवर जाऊन बघते. आमच्या आत्याबाईंना हे पूर्वीच ठाऊक होतं, फक्त त्यांनी निबंध लिहिला नाही.

लावणीचंही तसंच. शृंगारिक लावणीत बाई बोलते, मागते, रुसते, राजसाच्या रूपाचं वर्णन करते. आवाज तिचा. पण पेशवाईच्या उत्तरकाळातल्या त्या गाजलेल्या लावण्या लिहिल्या राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांनी, आणि समोर बसायचे पुरुष. उलट बालगंधर्व बघा. नारायणराव राजहंस पुरुष, रंगमंचावर स्त्री, आणि प्रेक्षागृहातल्या बायका त्यांच्याकडे इतक्या बारकाईने बघत की त्यांचं लुगडं नेसणं, अंबाड्यावरची फुलं घरोघरी उचलली गेली. आता ही कोणाची नजर म्हणायची? वायरीच्या रंगाने हे प्रश्न सुटत नाहीत. आणि गुंतागुंत आहे म्हणूनच त्यात मजा आहे. असो.

इंग्लंडमध्ये फीमेल गेझचं उदाहरण विचारलं तर निम्मी माणसं एकच सांगतील: ओला शर्ट. १९९५ साली बीबीसीने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची मालिका केली. त्यात डार्सी झालेला कॉलिन फर्थ तळ्यात सूर मारतो आणि ओल्या पांढऱ्या शर्टात चालत येतो, तेवढ्यात समोरून एलिझाबेथ येते. या प्रसंगाने अख्खा देश वेडा झाला. २०१३ मध्ये एका टीव्ही वाहिनीच्या जाहिरातीसाठी तळ्यातून वर येणाऱ्या डार्सीचा बारा फुटी पुतळा लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात उभा केला होता. बदकं त्याच्या आजूबाजूने पोहत. (आपल्याकडे पुतळ्यांवरून काय काय होतं ते आठवून मला त्या बदकांचा हेवा वाटला.)

हा प्रसंग कादंबरीत नाही. तो लिहिला पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी, आणि दिग्दर्शक सायमन लँग्टन. दोघे पुरुष. त्यावरून तो बायकांना आवडूच नये असं मी म्हणत नाही, मलाही तो शर्ट आवडतो. पण जेन ऑस्टिनने १८१३ मध्ये त्याच ठिकाणी काय लिहिलंय ते बघण्यासारखं आहे. एलिझाबेथ मामा-मामींबरोबर डार्सीचा वाडा बघायला जाते. तिने त्याला आधी नकार दिलेला आहे. घर दाखवणारी वृद्ध कारभारीण मालकाबद्दल चार चांगले शब्द बोलते. मग एलिझाबेथ त्याच्या तैलचित्रासमोर उभी राहते आणि बघत राहते. खूप वेळ. हा माणूस भाऊ म्हणून, जमीनदार म्हणून, मालक म्हणून किती जणांचं बरंवाईट करू शकतो याचा हिशोब ती मनात करते. आणि ऑस्टिनबाईंनी एक वाक्य असं केलंय की जणू चित्रातल्या त्या माणसाचे डोळे ती स्वतःच आपल्यावर रोखून घेते. म्हणजे ती त्याच्याकडे बघते तेव्हा स्वतःलाही बघू देते. तिचं मत बदलायला लागतं ते तिथे, तळ्याकाठी नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका अविवाहित बाईने लिहिलेली ही स्त्रीची नजर. मालिकेत चित्रासमोरचा प्रसंगही आहे बरं का. पण पुतळा झाला तो शर्टाचा.

शर्टापासून ट्यूबक्रशपर्यंत यायला फार वेळ लागला नाही. एड्रियन इव्हान्स आणि सारा रायली या दोन अभ्यासिकांनी ट्यूबक्रशवरची छायाचित्रं आणि शेरे तपासले. फोटो पाठवणाऱ्यांत बायका होत्या तसे समलिंगी पुरुषही होते. आणि निवडले जाणारे पुरुष कसे? पीळदार, बहुतांशी गोरे, आणि खिशात पैसा असल्याच्या खुणा अंगावर असलेले. चांगला सूट, घड्याळ वगैरे. जग उलटंपालटं करणाऱ्या नजरेला दिसलं काय, तर दंड आणि पगार. मुलाचा पगार किती आणि स्वतःचा फ्लॅट आहे का, हे विचारणारे आमचे सांगलीचे काका निदान या चौकशीला क्रांती म्हणत नव्हते.

आता एक ऐकलेली, किंबहुना डोळ्यांसमोर झालेली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत विदर्भातला एक मुलगा पीएचडी करत होता. लाजाळू, कामात वाघ. रात्रभर प्रयोग चालवून सकाळच्या गाडीने घरी जाताना त्याला झोप लागली, मान मागे, तोंड किंचित उघडं. कोणीतरी फोटो काढला आणि तो अशाच एका पानावर चढला. खाली शेरे होते. त्याच्या पापण्यांबद्दल, रंगाबद्दल, पूर्वेकडचा कुठला राजपुत्र वगैरे, आणि एक-दोन जरा पुढचे, जे मी इथे लिहीत नाही. कोणीतरी ओळखून त्याला दुवा पाठवला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या हसल्या. कौतुकच केलंय की, तू लाजतोस काय! तोही हसला. पुरुषाने अशा वेळी हसायचं असतं, तक्रार केली तर दुप्पट हसं होतं. नंतर दोन दिवसांनी चहा घेताना त्याने मला विचारलं, "ताई, तो फोटो आईपर्यंत नाही ना जाणार?" आणि थोड्या वेळाने, "मी झोपलो होतो हो." पुढे तो गाडीत उभाच राहायचा, जागा असली तरी.

"मी झोपलो होतो" या वाक्यात सगळं आलं, असं मला वाटतं. अगदी हेच वाक्य सँडविच खाणाऱ्या बायकांचं होतं: मी जेवत होते. आणि बर्जर-मल्व्ही जे सांगत होते तेही याहून फार वेगळं नाही. चौकटीतल्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं आणि बघणारा दिसत नसतो. त्या मुलाच्या बाबतीत तर त्याचं गोरं नसणंही लोकांच्या चवीचा भाग झालं. साहेबाच्या देशात आपल्या माणसाला 'पूर्वेकडचा राजपुत्र' म्हणून कोण कसं बघत आलं आहे, त्याला मोठा इतिहास आहे. तो फीमेल गेझच्या पताकेखाली मागल्या दाराने परत येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर एक उत्तर येतं ते टाळून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. बायकांनी हे हजार वर्षं सोसलं, अजून सोसताहेत, आता थोडी त्यांची पाळी. खरंच, दोन्ही बाजूंचं वजन सारखं नाही. बाईचा फोटो चोरून काढला जातो तेव्हा त्यामागे पाठलागाची, धमकीची, घरी कोणी काय म्हणेल याची भीती असते. पुरुषाच्या बाबतीत ती बहुधा नसते. रोजच्या वर्तमानपत्रात उघड्या छातीची मुलगी छापायचा प्रकार इथे 'द सन'ने १९७० मध्ये सुरू केला, तो बंद पडायला २०१५ उजाडलं. त्याआधी २०१२ पासून त्याविरुद्ध बायकांची मोहीम चालली होती. पंचेचाळीस वर्षं! तेव्हा बरोबरी झाली असं कोणी म्हणू नये. पण पाळीचा हिशोब मांडला की एक अडचण होते. 'तिसऱ्या पानाविरुद्ध' लढणाऱ्या बायकांचं म्हणणं 'आम्हालाही एक पान द्या' असं नव्हतं. आज जी बाई पापण्यांबद्दल लिहून हसते, ती उद्या स्वतःचा फोटो सापडल्यावर काय म्हणणार? "मला विचारलं नव्हतं" हे तिचं एकमेव हत्यार. ते तिने काल स्वतःच बोथट केलं.

कायदा इथे फार मदतीला येत नाही. सार्वजनिक जागी कोणाचा नुसता फोटो काढणं ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. २०१७ मध्ये हाइड पार्कमधल्या एका संगीत महोत्सवात जीना मार्टिन या तरुणीच्या स्कर्टखाली मोबाईल घालून फोटो काढला गेला, तेव्हा तेवढ्यासाठीही इंग्लंडात नेमका कायदा नव्हता. ती दीड वर्ष भांडली. जून २०१८ मध्ये विधेयक आलं, तेव्हा ख्रिस्टोफर चोप या खासदाराने सभागृहात नुसतं 'हरकत' म्हणून ते अडवलं आणि देशभर शिव्या खाल्ल्या. २०१९ मध्ये अखेर कायदा झाला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्याची भाषा 'दुसऱ्या व्यक्तीच्या कपड्यांखाली' अशी आहे, म्हणजे स्कर्ट असो की स्कॉटिश किल्ट. आपल्याकडे २०१३ पासून ३५४-सी होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम. त्यात चोरून बघणारी कोणीही व्यक्ती असू शकते, पण जिला बघितलं ती स्त्रीच असावी लागते. झोपलेल्या मुलाचं अर्थात दोन्हीकडे काहीच नाही. ते रीतभातीचं काम आहे, आणि रीतभात तर आपण 'गंमत केली हो' म्हणून मोडीत काढतोय.

अलीकडे हे प्रकरण आणखी पातळ झालंय. २०२१ च्या सुमारास टिकटॉकवर एक टूम निघाली: एकच मुलगी आधी मेल गेझसाठी नटते आणि मग फीमेल गेझसाठी. पहिल्यात काजळ-लिपस्टिक, दुसऱ्यात ढगळ स्वेटर आणि विस्कटलेले केस. भारतात तोवर टिकटॉक बंद झालं होतं, पण इन्स्टाग्रामवरून ती तुमच्यापर्यंत पोहोचलीच असेल. आता ढगळ स्वेटरही नजरेसाठीच घालायचा म्हटल्यावर सुटका कुठली? मग मुलांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडून लाकडं फोडायचे व्हिडिओ काढले, तेही फीमेल गेझ. जानेवारी २०२४ मध्ये जेरेमी ॲलन व्हाइट हा नट कॅल्व्हिन क्लाइनच्या चड्डीत न्यूयॉर्कच्या गच्चीवर पळाला, महाजालावर बायकांच्या नजरेचा विजय साजरा झाला. छायाचित्रकार मर्ट अलस, पुरुष. विकायची होती चड्डी. त्याच महिन्यात इथल्या जाहिरात-नियामकांनी त्याच कंपनीचं, गायिका एफकेए ट्विग्जचं पोस्टर तक्रारींवरून बंद केलं, कारण तिला उपभोग्य वस्तूसारखं दाखवलंय. ती संतापली. मला त्या चित्रात खंबीर बाई दिसते, असं तिचं म्हणणं. मार्चमध्ये नियामकांनी निम्मा निर्णय फिरवला: वस्तूसारखं दाखवलेलं नाही, पण रस्त्यावर सगळ्यांसमोर लावण्याजोगंही नाही. मला यात सगळ्यांचंच थोडं थोडं पटलं. पण निदान ट्विग्जला विचारलेलं होतं, तिला बोलता आलं, आणि तिच्या बोलण्याने निर्णय हलला. कॅमेऱ्यासमोर आपण होऊन उभं राहणं आणि गाडीत झोप लागणं यांत फरक आहे.

मला जी स्त्रीची नजर हवी आहे ती याहून धीट आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, तेव्हा त्यांनी पुरुषांकडे चांगलंच रोखून बघितलं. बायकांवर लादलेला एकेक दोष घेतला आणि तो पुरुषाच्या अंगाला लावून दाखवला. आणि खाली स्वतःचं नाव घातलं. परिणाम काय होतील याची त्यांना कल्पना नसेल असं वाटत नाही.

'फ्लीबॅग' ही मालिका तुमच्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. फीबी वॉलर-ब्रिजने ती लिहिली आणि तीच नायिका. नायिका सारखी कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, वळून शेरे मारते. बाकी कुणाला ते कळत नाही. बघणारी ती, आणि तिला कोणी बघत नाही. हेच ते ट्यूबमधलं सुख. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात एक पाद्री येतो. अँड्र्यू स्कॉट. ती नेहमीसारखी आपल्याकडे वळते आणि तो तिला पकडतो. आत्ता कुठे गेली होतीस, म्हणून विचारतो. त्या क्षणी तिचा जो चेहरा होतो तो बघण्यासारखा आहे. आजवर तिच्या नजरेला कुणी नजर दिलेली नव्हती. महाजालाने या पात्रातून घेतलं काय, तर 'हॉट प्रीस्ट'. टी-शर्टांवर छापलं, आणि झालं.

आणि एक 'फिश टँक'. अँड्रिया अर्नल्डचा २००९ चा चित्रपट, कानला ज्यूरी पारितोषिक मिळालेला. लंडनच्या पूर्वेला, एसेक्सच्या बाजूची गरीब वस्ती, पंधरा वर्षांची मिया आणि तिच्या आईचा नवा मित्र कॉनर, म्हणजे मायकेल फासबेंडर. सकाळी स्वयंपाकघरात तो उघड्या अंगाने येतो आणि मिया त्याच्याकडे बघते. आपण तिच्या डोळ्यांनी बघतो. त्यात ओढ आहे, कुतूहल आहे, बापाची उणीवही आहे, आणि धोका तिला कळायच्या आधी आपल्याला कळतो. पुढे तो तिचा गैरफायदा घेतो, आणि आपण इतका वेळ ज्या नजरेत मजा घेत होतो ती आपल्याच घशात अडकते. छायाचित्रण रॉबी रायन या पुरुषाचं आहे आणि तरी नजर एका क्षणासाठीही मियाची सुटत नाही. मिळाला तर जरूर बघा. चौकट जुन्या टीव्हीसारखी, जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. टीव्ही बिघडलेला नाही.